बिल्ल्यांचं तोरण

आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती, पत्रकं होती. गादीखाली पत्रकं, देवळीत पत्रकं, पिठाच्या डब्याखाली दबलेली पत्रकं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ युनियनला देत. मी वाचायला शिकले ती त्या गुलाबी-पिवळ्या पातळ कागदांवर. पत्रकात जग सोपं असतं. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला ते. 'ते' म्हणजे सरकार, परदेशी कंपन्या, कारखानदार आणि यादीत सगळ्यात खाली आमच्या बीडचे व्यापारी. मी कॉलेजात गेले तेव्हा देशाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या रोज यायच्या आणि आमच्या पत्रकांत त्या दरवाजांतून येणाऱ्या एका शत्रूचं नाव ठळक अक्षरांत असायचं. कॉम्प्युटर. तो माणसाच्या हातातलं काम खाणार होता.

म्हणून बी.कॉम. झाल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "ज्या डब्याच्या विरोधात आमी मोर्चा काढला, त्याच डब्यापुढं तू बसणार व्हय?"

"शत्रूला आतून ओळखावं लागतं, असं तुमच्याच पत्रकात होतं," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. पण अडवलंही नाही.

काम लागलं ते लोखंडाच्या दुकानात. घरून परवानगी मिळाली कारण तिथं कामावर ठेवणारी एक बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. दुकान तिच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं. अप्पा जुन्या वळणाचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, वर्षातून एकदा कपिलधारच्या यात्रेला जाऊन आल्याशिवाय नवा सौदा करायचा नाही. सळईला ते 'गज' म्हणत, आणि गज हातात घेऊन, टोकाला एक टिचकी मारून, त्याचा आवाज ऐकून माल विकत. गिऱ्हाइकाला एवढंच सांगत, "घेऊन जा. माझा शब्द हाय." त्यांच्या आयुष्यभर तेवढं पुरलं होतं.

मग लातूरकडचा भूकंप झाला. त्यानंतर सरकारी इंजिनिअर माल घेताना कागद मागायला लागले. प्रत्येक गजाच्या मागं कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट हवं. अप्पांना तो अपमान वाटला. "जलमभर लोखंड इकलं. आता लोखंड कसं हाय ते मला कागद सांगणार व्हय?"

अक्का त्यांची थोरली मुलगी. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. नवरा इथल्याच कॉलेजात शिकवायचा. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर गल्ल्यावर बसते म्हणून आली आणि परत गेलीच नाही. तिनं कॉम्प्युटर आणला. धाकटा भाऊ, ज्याच्याकडं सिमेंट आणि ट्रक होते, तो म्हणाला की हे खूळ आहे. अप्पांनी दोघांचं ऐकून निकाल दिला. दिवाळीपर्यंत बघू. त्या डब्यानं दुकानाला काही काम आणून दिलं तर अक्का बसेल. नाही तर डबा विकायचा, कागद पुन्हा तारेला टोचायचे आणि अक्कानं आपल्या घरी जायचं. मी रुजू झाले तेव्हा श्रावण चालू होता.

पहिल्याच दिवशी तिनं मला ती तार दाखवली. छताला टांगलेली, खाली आकडा असलेली. लाइटची बिलं, ट्रकच्या पावत्या आणि लोखंडाचे दाखले, म्हणजे ती टेस्ट सर्टिफिकेटं, सगळे त्याच आकड्यात ओवलेले. तिनं मधूनच एक दाखला ओढला. तो इतका झेरॉक्स झालेला की आकडे पुसट आणि कारखान्याचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग.

"हा एक दाखला वर्षभर चालतो," ती म्हणाली. "आपल्याकडंच न्हाई, सगळ्या बाजारात. एक चांगला कागद हाती लागला की त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. गज कुठला, कागद कुठला."

माझ्यातलं पत्रक लगेच पेटलं. "म्हणजे फसवणूकच की!"

"लोक फसवायला म्हणून करत न्हाईत गं. कंटाळ्यापायी करतात. पण होतं तेच."

मग तिनं मला हीट नंबर समजावला. मी आजवर ऐकलेलं ते सगळ्यात स्वच्छ स्पष्टीकरण आहे. "भजी तळताना घाणा काढतो ना आपण? एका घाण्याला मीठ जास्त पडतं, दुसऱ्याला कमी. एकाच कढईतला, एकाच पिठाचा असला तरी. लोखंडाचं तसंच हाय. भट्टीतून एका वेळी जेवढं वितळून निघतं तो एक घाणा. त्याला नंबर देतात, तोच हीट नंबर. त्यात कार्बन किती, गंधक किती, ताणलं तर किती जोरावर तुटतं, वाकवलं तर चिरतं का, हे सगळं त्या दाखल्यावर. आणि त्याच घाण्याच्या बंडलाला तोच नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला. बिल्ला आणि दाखला जुळला तर तो कागद. न्हाई तर रद्दी."

प्रोग्रॅम मी लिहिला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माल आला की आधी दाखला भरायचा. कारखाना, जाडी, हीट नंबर, आणि मग ते कार्बन-गंधकाचे आकडे. माल जाताना चलन काढायचं तर कोणत्या हीटमधून किती गज गेले ते भरायचं, की चलनावर नंबर छापला जाई आणि सोबत कोणता दाखला द्यायचा तेही पडदा सांगे. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसातून चारदा वीज जायची आणि जुनी बॅटरी शिट्टी वाजवत मान टाकायची. तेवढ्या शिट्टीत सगळं साठवून डबा बंद करण्याची एक कसरत मला जमली होती.

एका गोष्टीवर मात्र अक्का अडून बसली. हीट नंबरचा रकाना रिकामा असेल तर प्रोग्रॅमनं चलन छापायचंच नाही.

"गिऱ्हाईक घाईत असलं तर?" मी विचारलं.

"घाई असली तरच नियम लागतो. निवांत असताना कोण खोटं बोलतंय?"

हे वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. आमच्या कोणत्याही पत्रकात इतकं नेमकं वाक्य नव्हतं, आणि ते एका व्यापाऱ्याच्या मुलीनं, पोळीचा तुकडा तोंडात असताना म्हटलेलं होतं.

गोदामातल्या हमालांना हा सगळा प्रकार म्हणजे करमणूक होती. त्यांचा मुकादम, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, गज खांद्यावर घेऊन माझ्या खिडकीशी थांबे आणि ओरडे, "अक्का, ह्याची शाळा कोणती बगा! सातवी नापास तर न्हाई ना?" सर्टिफिकेटला दुकानात सगळे 'दाखला'च म्हणत, शाळा सोडल्याचा असतो तसा. एकदा ते मला म्हणाले, "लोखंडाला बी दाखला भेटला, म्याडम. आमचा दाखला कोण देणार? आमचा नंबर कोण्या घाण्यातला?"

मी उठून उभीच राहिले. कष्टकऱ्याची ओळख, हमालीचे दर, रविवारची सुट्टी, सगळं एका दमात निघालं. मामांनी दोन वाक्यं ऐकून घेतली. मग म्हणाले, "पोरी, भाषण मागून कर. आदी नंबर लिहून घे. गज खांद्यावर हाय."

पण हमालीच्या दराचं मी सोडलं नाही. अक्काशी त्यावरून माझी दोनदा चांगलीच जुंपली. त्या बाबतीत ती सरळ व्यापारीच होती, "बाजारात जो दर तोच आपला," यापुढं जायची नाही. मी तिची स्तुती करायला बसले आहे म्हणून हे झाकणार नाही.

भाद्रपदात ती ऑर्डर आली. दिंद्रुडच्या बाजूला पाण्याची उंच टाकी होणार होती. तिथला इंजिनिअर कडक. प्रत्येक बंडलाचा दाखला वेगळा हवा आणि बिल्ल्याशी जुळलेला हवा, नाही तर माल परत, असं त्यानं टाकी बांधणाऱ्या गुत्तेदाराला बजावलेलं. गुत्तेदार दोन-चार दुकानं फिरला आणि शेवटी आमच्याकडं आला, कारण बीडमध्ये बिल्ला आणि दाखला जुळवून देतो म्हणणारं दुकान एकच होतं. माल दसऱ्यानंतर उचलायचा ठरला. अक्कानं सगळ्या जाड्यांचा माल मागवला, एकेका जाडीचे तीन-तीन, चार-चार घाणे. मी सगळे दाखले भरले. त्या दिवशी ती पहिल्यांदा मला म्हणाली, "झालं बघ. आता अप्पाला काही सांगायची गरज न्हाई. ही टाकीच सांगंल." दिवाळीचा प्रश्न सुटल्यात जमा होता.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर धुतो, सुतार वाकस धुतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. लोखंडाच्या दुकानात तर दोन दिवस आधीपासून धांदल. वजनकाटा, गज कापायचं यंत्र, उचलायचे हूक, सगळं घासून पुसून ठेवायचं, गोदाम झाडून सडा घालायचा. आदल्या दिवशी हमालांनी आम्हाला लवकर घरी पाठवलं. "तुमी जा. उद्या बगाच."

सकाळी मी नवी साडी नेसून गेले आणि फाटकातच थबकले. गोदामाच्या दारावर, झेंडूच्या माळेच्या वर, एक तोरण लखलखत होतं. चांदीचं वाटावं असं. वाऱ्यानं हललं की त्यातून बारीक किणकिण येत होती. मी खरंच टाळ्या वाजवल्या. अप्पांनी गाडीतून उतरून हात जोडले आणि म्हणाले, "वा रे वा. असं तोरण कुठं बगितलं न्हाई." भाऊनं मामांच्या पाठीवर थाप मारली. अक्का पूजेचं ताट घेऊन पुढं झाली, तोरणाच्या मधल्या तुकड्याला तिनं हळद-कुंकू लावलं, आणि तिचा हात तिथंच राहिला.

"मामा," ती म्हणाली, "हे बिल्ले कुठले?"

मामांची छाती फुगलेली. "कुठले म्हंजे? आपलेच. समद्या बंडलांचे काडले. चिंचेच्या पाण्यानं घासले राती. एक बी ठिवला न्हाई, अक्का. तुमच्या त्या डब्याला ह्या बिल्ल्यांचं लई याड. म्हनलं, आज पूजेला त्येंचाच मान."

झेंडूचा वास, उदबत्तीचा धूर आणि ती किणकिण. मी आत पळाले. गोदामात गज धुऊन, पुसून, झाडलोटीसाठी इकडचे तिकडे हलवून, जाडीप्रमाणं सुरेख रचून ठेवलेले होते. इतके सुरेख मी ते कधी पाहिले नव्हते. कारखाना कोणता ते गजावर उठवलेल्या नावावरून कळत होतं. जाडी डोळ्यांना दिसत होती. पण एकाच कारखान्याचे, एकाच जाडीचे तीन-चार घाणे आता एकमेकांत मिसळून गेले होते, आणि कोणता कुठला हे जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं. मामांनाही नाही. त्यांना बंडलं ओळखू येत होती ती बिल्ल्यांवरूनच.

अक्का मागून आली. मला वाटलं ती मामांवर तुटून पडणार, आणि मी मधे पडायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "तोरण काढू नका. पूजा होऊ द्या." आणि ती बाहेर जाऊन पूजेला बसली. मामांना दुपारपर्यंत कळलंही नव्हतं की काय झालं. कळलं तेव्हा ते वजनकाट्यावर खाली मान घालून बसले. अक्का जवळ गेली. "मामा, कुंकू मी लावलंय त्याला. टाळ्या हिनं वाजवल्या. अप्पांनी हात जोडले. तुमी एकट्यानं का म्हणून खाली बघायचं?"

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि भाऊ सरळ माझ्या टेबलाशी आला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या दृष्टीनं प्रश्न सोपा होता.

"दाखले हायत का आपल्याकडं? हायत. गज हायत का? हायत. त्याच कारखान्याचे, त्याच जाडीचे? व्हय. मग एकेका ढिगाला एकेक बिल्ला बांध आणि टाक नंबर. कुणाच्या बापाला कळतंय?"

आणि हे खरं होतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट. कुणालाही कळलं नसतं. तो कडक इंजिनिअर बिल्ला बघणार, दाखला बघणार, दोन्हींवर एकच नंबर. माझा प्रोग्रॅमही बिनबोभाट चलन छापून मोकळा झाला असता. रकाना रिकामा असला तर अडव, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. रकान्यात लिहिलेलं खरं आहे का, हे कोणताही प्रोग्रॅम ओळखत नाही. ते त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसानं ओळखायचं असतं. माझ्या ओठांवर एक जळजळीत भाषण आलं होतं. नफा, जनतेचं पाणी, भ्रष्ट व्यवस्था.

अक्कानं भाषण केलं नाही. "न्हाई," म्हणाली.

"कावून?"

"मला माहीत न्हाई म्हणून. कोणता गज कोणता, हे मला माहीत न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, दिवाळी तोंडावर आली. अप्पा तुला घरी पाठवतील!"

"पाठवतील तर जाईन. माझं घर काय वाईट हाय का?"

मग ती माझ्याकडं वळली. प्रोग्रॅममध्ये एक नवा प्रकार टाकायला लावला. 'ओळख नाही'. मिसळलेला सगळा माल तिनं एकेक करून त्याखाली टाकायला लावला. मी म्हणाले, जास्त घोळ झालाय तेवढाच टाकू. ती म्हणाली, "जेवढं माहीत न्हाई तेवढं सगळं टाक." एकेका ओळीवर मी बटण दाबत गेले आणि भरलेलं गोदाम पडद्यावर रिकामं होत गेलं. त्या मालाचं चलन निघालं तर त्यावर मोठ्या अक्षरांत 'दाखला नाही' असं छापून येणार होतं. कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या जाळीला चालला असता. टाकीला नाही.

गुत्तेदाराला तिनं स्वतः फोन केला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, तोरणासकट. दुसऱ्या दिवशी तो जीपमधून आला. अप्पा गल्ल्यापुढच्या गादीवर बसले होते, अक्का आत, मी कॉम्प्युटरपुढं.

"हसावं का रडावं मला कळंना," गुत्तेदार म्हणाला. "तोरण केलं? बिल्ल्यांचं? अन् हे मला सांगायला फोन करता? गप बिल्ले बांधून दिले असते तर मी काय इचाराय आलो असतो का?"

"म्हणूनच सांगितलं," अक्का म्हणाली. "मी नमुने तपासायला पाठवते. थोडे दिवस थांबा."

"माझी माणसं बसून हायत तिकडं. थोडे दिवस म्हणं!" तो अप्पांकडं वळला. "अप्पा, तुमी सांगा हिला. तुमचा शब्द चालतो मला. तुमी नुसतं म्हणा की माल बरोबर हाय. न्हाई तर दुसऱ्या दुकानात मला पाच मिनिटांत भेटतंय सगळं, बिल्ल्यासकट."

मी अप्पांकडं पाहिलं. त्यांना हवं तेच मिळालं होतं. त्यांच्या शब्दाला पुन्हा किंमत आली होती, तीही मुलीच्या कागदासमोर. त्यांनी शेजारच्या गजाला सवयीनं टिचकी मारली. आवाज ऐकला. मग म्हणाले, "भेटतंय तर जा बाबा. पण तिथं गेल्यावर एक इचारून घे. तिथला गज आणि तिथला कागद एकमेकाला वळकतात का."

गुत्तेदार गेला. ऑर्डरही गेली.

त्या संध्याकाळी मी घरी हे सांगितलं. वडील पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. त्यांचा हात थांबला. "व्यापारी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "आणि तोटा होणार हे माहीत असून?" हो. त्यांनी अर्धवट घडी उलगडली, पुन्हा घातली. "मग हिला आपल्या पत्रकात कुठं बसवायचं?" तेव्हापासून एक झालंय. दोनच बाजूंचं जग दाखवणारा कागद हातात आला की मला तारेतला तो दाखला आठवतो. एकाच कागदाच्या झेरॉक्स काढून सगळ्यांच्या हातात दिलेला.

अक्का आणि मी औरंगाबादला गेलो. प्रत्येक ढिगातून जमतील तितक्या गजांचे तुकडे कापून, त्यांना चिठ्ठ्या बांधून, गोणीत भरून, एसटीनं. गोणी सीटखाली ढकलताना असा आवाज झाला की सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टरनं वाकून पाहिलं.

"बाई, काय हाय हे?"

"गज," अक्का म्हणाली.

"कुणाचं डोस्कं फोडाया निघालाव?"

"माझ्या भावाचं," अक्का म्हणाली, आणि तिकिटाचे पैसे पुढं केले. तो हसत हसत पुढं गेला, गोणीचं लगेज लावायचं विसरला. अक्कानं त्याला परत बोलावून ते लावायला लावलं.

तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक उंच यंत्र होतं. गजाची दोन टोकं ते जबड्यात धरतं आणि ओढत राहतं. काटा हळूहळू चढतो. गज आधी ताठ असतो, मग मधेच त्याला बारीक कंबर येते, आणि मग बंदूक उडाल्यासारखा आवाज होऊन तो तुटतो. पहिल्या आवाजाला मी किंचाळले. अक्का जागची हलली नाही. प्रत्येक तुकडा तुटेपर्यंत ती काट्याकडं बघत उभी होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं जप करतेय. जवळ गेले तर ती आकडे वाचत होती.

ही बाई गज विकणाऱ्या घरात वाढली होती, पण गज तुटताना ती पहिल्यांदाच बघत होती. येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "टाकी भरली की ह्या गजाला रोज असंच ओढणार. आणि सिमेंटात गेला की त्याच्याकडं परत कुणी बघणार न्हाई."

निकाल दिवाळीच्या तोंडावर आला. सगळे तुकडे पास होते. एकही नापास नाही. भाऊनं तो कागद वाचला आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "घ्या! सगळा माल चोख. ऑर्डर गेली, इज्जत गेली, आणि माल चोखचा चोख! मी काय म्हणत होतो?"

"तू म्हणत होतास ते बरोबर निघालं," अक्का म्हणाली. "पण आता माहीत हाय. तवा न्हवतं."

खरं सांगते, त्यातला एखादा तुकडा चिरावा असं माझ्या मनात होतं. म्हणजे सगळ्यांना पटलं असतं. पण नंतर मला उमगलं की माल चोख निघाला म्हणूनच तिचं वागणं एवढं मोठं. ती धोक्याला भिऊन थांबली नव्हती. जे माहीत नाही ते माहीत आहे असं लिहायचं नाही, एवढ्यासाठी थांबली होती. असे 'एवढ्यासाठी' थांबणारे लोक मी सभांच्या मंचावरसुद्धा फार पाहिलेले नाहीत.

पाडव्याच्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा अप्पा काय सांगतात याची आम्ही वाट बघत होतो. भाऊ कपडे करून आला होता, जणू कोर्टाचा निकाल आहे. अप्पा आले, गल्ल्यापुढच्या आपल्या गादीकडं गेले, ती उचलली आणि दारातल्या बाकावर नेऊन टाकली. टेकून बसले. डोळ्यावरचा चष्मा पुसला. मुहूर्ताचं पहिलं गिऱ्हाईक आलं आणि सवयीनं त्यांच्यापुढं वाकून दर विचारू लागलं. अप्पांनी हातानं आत दाखवलं.

"तिकडं. अक्काला इचार. आणि दाखला मागून घे."

एवढाच निकाल.

बिल्ले निघू शकतात हे एकदा कळल्यावर दुसरा इलाज करणं भाग होतं. तो मामांनी सुचवला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा रंग त्यांनी आणला, आणि माल आला की बिल्ला सोडण्याआधी एकेका घाण्याच्या गजांची टोकं एकेका रंगानं रंगवायची असं ठरलं. लाल, हिरवा, निळा, पिवळा. मी प्रोग्रॅममध्ये रंगाचा रकाना वाढवला. गोदामाकडं लांबून बघितलं की पोळ्याचे बैल दावणीला उभे आहेत असं वाटायचं. "आता चिंचेनं घासलं तरी जात न्हाई," मामा म्हणत. वर्षभरात त्या कडक इंजिनिअरसारखे आणखी दोघे-तिघे आमच्याकडं माल मागू लागले.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम लवकर गेले. धास्तीच होती म्हणा. दारावर पुन्हा तोरण होतं. पुन्हा चिंचेनं घासलेलं, पुन्हा तीच किणकिण. मी ओरडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब, थांब. बोंबलू नको. हे संपलेल्या बंडलांचे हायत. ज्यांचा गज समदा गेला, तेच घेतलेत. तुझ्या डब्याला इचार."

मी डबा चालू केला, त्यांनी शिडीवर चढून एकेक नंबर वाचायला सुरुवात केली आणि मी पडद्यावर बघून ओरडून सांगू लागले. हा अंबाजोगाईकडच्या शाळेच्या छतात. हा धर्मापुरीच्या वाटेवरच्या लहान पुलात. हा एका बाळंतपणाच्या दवाखान्यात. खाली हमाल, अप्पा, अक्का, सगळे वर बघत उभे. ज्या गजांकडं पुन्हा कुणी बघणार नव्हतं, ते सगळे त्या दारावर हलत होते, आपापल्या पत्त्यासह.

शेवटून दुसरा नंबर वाचून मामा थांबले. "हा कुठं गेला?"

मी बघितलं. त्या घाण्यातला निम्मा माल एका पिठाच्या गिरणीला गेला होता. उरलेल्या थोड्या गजांच्या चलनावर मामांचंच नाव होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी घरकुलाच्या खोलीवर स्लॅब टाकला होता.

"तुमच्या डोक्यावर आहे, मामा," मी म्हणाले.

त्यांनी तो बिल्ला बोटांत धरून जरा वेळ उन्हात फिरवला. मग अक्काकडं बघून विचारलं, "ह्याचा दाखला हाय ना आपल्याकडं?"

"हाय," अक्का म्हणाली. "जुळलेला हाय."

मामांनी तो तोरणाच्या मधोमध आणून बांधला, आणि गाठ ओढून बघितली.